जुन्या वस्त्रांचे दुकान आणि त्यातील सेवकांचे शिक्षण

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या धर्मग्रामाच्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या वर्षात आपल्या धर्मग्रामाने कोणते कार्य हाती घ्यावे, ह्याविषयी आपल्या सभांत पुष्कळ खल झाला, हे आपणांस विदित आहेच. कोणी प्रवेशद्वारी कमान उभारावी म्हणाले, कोणी नवी घंटा सुचविली. आणि एका सद्गृहस्थांनी तर सर्वांस गोडाचे जेवण घालावे व मोकळे व्हावे, असे सरळच सांगून टाकले. कमान व्हावयाची ती होईल, आणि जेवणही चुकणार नाही, ह्याची मला खात्री आहे. परंतु त्याबरोबरच डहाणूस एका खोलीत जुन्या पण वापरण्याजोग्या कपड्यांचे व भांड्यांचे दुकान काढावे, आणि आठवड्यातून एक दिवस तेच सामान तलासरीच्या बाजूस नेऊन मांडावे, असे जे ठरले आहे, त्याविषयी बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. दुकानातून जो काही पैसा उरेल तो मुलांच्या शिक्षणाकडे जावयाचा आहे. कोणाच्याही खिशात जावयाचा नाही. माझे बहुतेक आयुष्य कापडाच्या दुकानात गेले, एवढीच माझी ह्या विषयातील पात्रता. तेव्हा खोली कोठे घ्यावी, भाडे किती द्यावे, ह्या गोष्टी मी समितीवर सोपवितो. आणि त्या दुकानात जी माणसे उभी राहणार, त्यांस काय शिकवावे व कसे शिकवावे, एवढ्यापुरतेच बोलतो.

ज्युबिली हा शब्द आपण फार सहज वापरतो. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात त्याचा मूळ अर्थ सापडतो. पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकावयाचे. हातची गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावयाची. आणि दारिद्र्यापायी दास झालेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या घरी जावयाचा. कमानीचा तेथे उल्लेख नाही. पण त्याच अध्यायात, विकताना अथवा विकत घेताना कोणी आपल्या भावास नाडू नये, अशी आज्ञा मात्र आहे. शास्त्रकर्त्याने मुक्तीचा विषय मांडता मांडता मध्येच देवघेवीचा विषय काढावा, ह्याचे मला पूर्वी नवल वाटत असे. डहाणू-तलासरीत राहू लागल्यापासून वाटत नाही.

प्रथम एका आक्षेपाचे उत्तर देतो, कारण त्यातच पुढील सर्व शिक्षणाचे बीज आहे. आपल्यापैकी काही जणांचे म्हणणे असे की, कपडे फुकट मिळणार, तर ते फुकट वाटावे. गरिबाकडून दहा-वीस रुपये घेऊन दुकान कशाला मांडावे? हा प्रश्न चांगल्या मनातून आला आहे, म्हणून तो टाळून चालणार नाही. नाताळच्या सुमारास मुंबईहून गाठोडी येतात व ती वाटली जातात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या दिवशी काय घडते? रांग लागते, रेटारेटी होते. उंच माणसाच्या हाती आखूड सदरा येतो. ज्या बाईस लुगडे हवे तिच्या पदरी परकर पडतो. आणि दोघेही मान लववून ते घेऊन जातात. का घेतात? कारण फुकट मिळणाऱ्या वस्तूस ‘नको’ म्हणण्याची सोय नसते. दान घेणाऱ्याने नको म्हटले तर तो उर्मट ठरतो; विकत घेणाऱ्याने नको म्हटले तर तो केवळ गिऱ्हाईक ठरतो. ‘हा रंग नको, तो दाखवा,’ असे म्हणण्याचा अधिकार गरीब माणसाच्या हाती यावा, एवढ्यासाठी ते दहा रुपये आहेत. ज्याच्याजवळ तेवढेही नाहीत त्याची सोय निराळी आहे. तीविषयी पुढे सांगेन.

आपल्याच देशात दिल्लीस १९९९ साली अंशू गुप्ता ह्यांनी ‘गूंज’ ही संस्था काढली. शहरातील वापरलेले कपडे गोळा करून ती खेड्यांत पाठविते. पण तेथील लोकांनी आपल्या गावासाठी विहीर खणावी, रस्ता दुरुस्त करावा, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून ते कपडे घ्यावे, अशी त्यांची रीत आहे. २०१५ साली गुप्ता ह्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळाले. त्यांनी दुकान काढले नाही. पण घेणाऱ्याचा हात खाली राहू नये, ही चिंता तीच. आणि खरे पाहता ही गोष्ट आपल्या आयाबायांस कोणी शिकवावयास नको. दारी बोहारीण आली म्हणजे जुन्या लुगड्यांच्या बदल्यात पातेले घेताना किती घासाघीस चाले! बोहारीण भिकारीण नव्हती आणि आपली आईही दानशूर नव्हती. दोघी बरोबरीने उंबरठ्यावर बसत.

आता ह्या दोन तालुक्यांविषयी बोलतो. येथे दुकान ह्या वस्तूस एक इतिहास आहे, आणि तो ज्यास ठाऊक नाही त्याने आपल्या दुकानात उभे राहू नये, असे मी म्हणेन. १९३९ साली सायमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याचा मुंबई इलाख्यातील आदिवासींविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांची जमीनदार, सावकार व जंगलाचे ठेकेदार ह्यांच्या हाती काय दशा होती, हे सरकारी माणसाच्याच लेखणीने त्यात लिहिलेले आहे. पावसाळ्यात घरातील दाणा संपला की वारली सावकाराकडे खावटी मागावयास जाई. आणि सुगीला तेच भात दिढीने किंवा दुपटीने परत करी. फेड झाली नाही की वेठ आली. पुष्कळ ठिकाणी धान्य देणारा, मीठमिरची विकणारा आणि चोपडीवर अंगठा उठवून घेणारा, हे तिघे एकच असत. देताना एक माप व घेताना दुसरे, असे जुनी माणसे अजून सांगतात. अनुवादाच्या ग्रंथात थैलीत दोन प्रकारची वजने बाळगू नका अशी आज्ञा आहे, ती आपण ऐकतो आणि इस्राएलची गोष्ट म्हणून सोडून देतो. मापात पाप ही म्हण तर आपल्या भाषेनेच घडविली आहे.

१९४५ सालच्या मे महिन्याच्या २३ तारखेस, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील व आताच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारली हजारोंनी जमले आणि वेठ न करण्याचा त्यांनी निश्चय केला. त्यांच्यात राहून काम केलेल्या गोदावरी परुळेकर ह्यांनी ती हकीकत पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या ग्रंथात लिहिली. त्यांच्या पक्षाशी आपल्या ख्रिस्तसभेचे मतभेद होते व आहेत, हे मी लपवीत नाही. परंतु गरिबाची वेठ मोडण्याच्या कामी दुसरे कोणी आपल्यापुढे गेले असतील, तर त्यांचे ऋण मानावयास आपणांस लाज वाटू नये. आज ते दिवस नाहीत. आजचा दुकानदार तसा नाही. पुष्कळ दुकानदार सज्जन आहेत व काही तर स्वतः आदिवासी आहेत. तरी दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. म्हातारी आजी दुकानाच्या पायरीशी येते, आत येत नाही. पायरीवरूनच बोट दाखविते. आणि पैसे मोजून झाले तरी पुन्हा एकवार माझ्या तोंडाकडे पाहते. हे का घडते, हे ज्या सेवकास कळले, त्याचे निम्मे शिक्षण झाले.

येथे मला माझाच एक अपराध सांगावयाचा आहे. पुष्कळ वर्षे झाली. एका धर्मग्रामात जुन्या कपड्यांची अशीच विक्री होती, आणि कापडाचा जाणकार म्हणून मला तेथे उभे केले होते. एक वारली बाई आली. तिने एका हिरव्या लुगड्याचा पदर हातात घेतला, बोटांनी पोत पाहिला, काठ उलगडला, पुन्हा घडी केली, पुन्हा उलगडला. माझ्यापुढे गर्दी होती. मी म्हणालो, “ए बाई, घ्यावयाचे असेल तर घे; उगाच हात लावून मळवू नकोस.” असे मी माझ्या दुकानातील कोणत्याही गिऱ्हाइकास कधी म्हटले नव्हते. तेथे तर बाई दहा साड्या उलगडून एकही न घेता गेल्या, तरी आम्ही पानसुपारीचे विचारीत असू. त्या बाईने लुगडे घडी करून, मी ठेवले होते त्याहूनही नीट ठेवले आणि ती निघून गेली. ती वळली तेव्हा तिच्या पदराची गाठ मला दिसली. तीत पैसे बांधलेले होते. ती घ्यावयासच आली होती. मी बाहेर जाऊन पाहिले, पण ती बाजाराच्या गर्दीत मिसळून गेली. ते लुगडे त्या दिवशी विकले गेले नाही. संध्याकाळी मीच त्याची किंमत पेटीत टाकली. पण तिला लुगडे मिळाले नाही ते नाहीच.

संत याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभेत आलेल्या दोन माणसांचा दृष्टांत आहे. सोन्याच्या अंगठीवाल्यास आसन मिळते आणि मळक्या वस्त्राच्या माणसास पायांशी बसवितात. तो अध्याय मी लहानपणापासून ऐकत होतो, आणि ती विक्री तर दयेचे काम म्हणून आम्ही मांडली होती. मला कापडाचे शिक्षण होते, हिशेबाचे होते, धर्माचे होते. कमी होते ते नेमके कोणते, ह्याचा मी तेव्हापासून विचार करीत आलो आहे, आणि आज जे सांगत आहे ते त्यातूनच निघाले आहे. चांगला हेतू हे शिक्षण नव्हे. दुकानात जो पैसे देऊन घेतो त्यास आपण धनी समजतो, आणि दयेच्या दुकानात येतो त्यास याचक समजतो. ही चूक डोक्यातली नसून जिभेतली व हातातली आहे, आणि म्हणून ती शिकवूनच काढावी लागते.

ह्या कामी आपल्या परंपरेत एक थोर शिक्षिका होऊन गेली. १८३३ साली पॅरिस येथे फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी व त्याचे काही सोबती, वडीलधारे बायी ह्यांच्या मार्गदर्शनाखाली एकत्र आले आणि त्यांनी जी मंडळी स्थापिली, तीच आजची संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. ह्या तरुणांच्या अंगी उत्साह होता, विद्या होती. पण गरिबाच्या घरात कसे शिरावे हे त्यांस ठाऊक नव्हते. बायी ह्यांनी त्यांस मुफ्तार ह्या दरिद्री वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रँद्यू ह्यांच्याकडे पाठविले. सिस्टरने त्यांस घरे नेमून दिली, भाकरीच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि कसे जावे, कसे बोलावे, काय विचारू नये, हे शिकविले. ओझानाम २२ ऑगस्ट १९९७ रोजी धन्यवादित घोषित झाला. सिस्टर रोझाली ९ नोव्हेंबर २००३ रोजी. शिष्य गुरूच्या आधी वेदीवर चढला, ही मौजेची गोष्ट आहे. पण शिकवणाऱ्यांच्या वाट्यास हे नेहमीच येते. त्यांचे मूळ गुरू संत व्हिन्सेंट हे तर गरिबांस आपले धनी म्हणत. दुकानदारास ह्याहून सोपा धडा कोणता? गिऱ्हाइकास धनी मानणे हा आमचा धंदाच आहे.

सिस्टर रोझालीच्या त्या चिठ्ठ्यांचा उपयोग आपणही करावयाचा आहे. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने सिस्टरांस खाजगीत भेटावे. त्या चिठ्ठी देतील. आणि दुकानात ती चिठ्ठी नोटेप्रमाणे चालेल. चिठ्ठी घेताना सेवकाने ती वाचीत उभे राहू नये, आवाज बदलू नये, शेजाऱ्यास दाखवू नये. पेटीत टाकावी आणि माल बांधून द्यावा. हे दिसावयास क्षुल्लक आहे. पण पहिल्या महिन्यात प्रत्येक सेवकाकडून हे दोनचार वेळा खोटे गिऱ्हाईक उभे करून करवून घ्यावे, अशी माझी सूचना आहे.

आता प्रत्यक्ष काम. गाठोडे आले की ते प्रथम चार ठिकाणी वेचावयाचे: जसेच्या तसे विकण्याजोगे, टाका घालून विकण्याजोगे, गोधडीस जाणारे, आणि टाकून द्यावयाचे. नवशिक्या सेवकाची पहिली चूक येथेच होते. ‘गरिबाला चालेल’ असे म्हणून तो टाकून द्यावयाचे ते विकावयास ठेवतो. हे वाक्य आपल्या दुकानात बंद असावे. कसोटी एकच: हा सदरा मी स्वतः घालून मिस्सेस जाईन काय? नाही, तर तो फळीवर जावयाचा नाही. काखेत विरलेले, गुडघ्यात झिजलेले कापड उजेडासमोर धरून पाहावे. बटणे मोजावी, काज उसवले असेल तर शिवावे, खिसे उलटे करून पाहावे, त्यांत सापडलेले पैसे दात्याचे असतात. सर्व कपडे धुऊन उन्हात वाळवून, इस्त्री करून मगच लावावे. जो कपडा वासाचा आहे तो स्वस्त दिला म्हणून दान होत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत योप्पा येथील टबीथा नावाच्या शिष्येची गोष्ट आहे. ती मेली तेव्हा गावच्या विधवांनी तिने शिवलेले अंगरखे आणून पेत्रास दाखविले. त्या विधवांच्या अंगी ते नीट बसत असले पाहिजेत. नाहीतर त्या दाखविण्यास आल्या नसत्या.

देणाऱ्यासही शिकवावे लागेल. आपण सर्व देणारे येथे बसलेले आहोत, म्हणून जरा धैर्य करून बोलतो. कपाट रिकामे करणे आणि दान करणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संत मार्टिनने आमिएन्सच्या वेशीपाशी थंडीने काकडणाऱ्यास जो अर्धा झगा कापून दिला, तो त्याच्या अंगावरचा होता, अडगळीतला नव्हता. फाटके आणून देणाऱ्यास सेवकाने नम्रपणे म्हणावे, “हे गोधडीस उपयोगी पडेल, पण दुकानात ठेवता येणार नाही.” देणारा रुसेल, तर रुसू द्यावा. आणि कोणाच्या घरचा कपडा कोणी घेतला, ह्याची वाच्यता दुकानाबाहेर कदापि होता कामा नये. आपली वस्ती लहान आहे. आमच्या हिच्या अंगावर तुमच्या तिची साडी, असे एकदा कोणी बोलले की दुकान मिटले समजा.

भाव खडूने लिहिलेला असावा, सर्वांस एकच, आणि घासाघीस नसावी. ह्यावर आमच्या व्यापारी मित्रांनी मला हसून घेतले. घासाघिशीवाचून बाजार कसला, म्हणाले. पण घासाघिशीत धीट माणसास स्वस्त मिळते व भित्र्यास महाग, आणि आपल्याकडे येणारे बहुतेक भिडस्त असणार. इंग्लंडात रॉचडेल येथे १८४४ साली अठ्ठावीस कामकऱ्यांनी, त्यांत विणकर पुष्कळ, मिळून लोणी, साखर, पीठ असे चार जिन्नस मांडून दुकान काढले, तेव्हा निर्भेळ माल, पुरे माप आणि रोख व्यवहार ह्यांवर त्यांनी ते उभारले. जगभरच्या सहकारी चळवळीने तेच वळण घेतले. वसईस १९१८ साली आपल्या कॅथलिक बांधवांनी पतपेढी काढली, तीही सावकारी पाशावाचून गरजूस पैसा मिळावा ह्याच मार्गावरील. उधारी आपण ठेवणार नाही. ह्या भूमीत उधारी ह्या शब्दाचा इतिहास मी सांगितला. त्याऐवजी आवडलेला कपडा चिठ्ठी लावून आठ दिवस राखून ठेवण्याची सोय असावी. वीटभट्टीवरून मजुरी आली की घेऊन जाता येईल.

माल केव्हा लागतो हेही सेवकास ठाऊक असावे. जूनमध्ये शाळेचे कपडे व दप्तरे. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा बोटींवर कामास जातात, तेव्हा पांघरुणे, जाड सदरे व हलकी भांडी. पौषातील रात्री उघड्यावर निजणाऱ्यास त्यांची किंमत कळते. होळीनंतर लग्नसराईचे. ह्याची यादी मुंबईच्या दात्यांस आधी पाठवावी. नाहीतर ते मे महिन्यात लोकरीचे कोट पाठवितात, आणि आपण आभाराचे पत्र लिहितो.

दुकानात पुरुषभर उंचीचा एक आरसा असावा आणि कपडा घालून पाहण्यास पडदा लावलेला कोपरा. समितीत ह्या खर्चास एकाने हरकत घेतली. मी आरशाशिवाय दुकान उघडू देणार नाही. गरीब बाईने आपल्यास काय शोभते हे पाहणे, ही चैन नव्हे.

बोलण्याविषयी. लहानथोर सर्वांस ‘तुम्ही’. आजी, मावशी, दादा, ताई ही नाती आपल्या भाषेने फुकट दिली आहेत, ती वापरावी. वारली आजी तुम्हांस ‘तू’ म्हणेल. तिच्या बोलीत तो आपलेपणा आहे, त्याचा राग मानू नये, आणि त्यावरून आपणही ‘तू’ म्हणू नये. तलासरीकडे गुजराती बोलणारे येतील. ज्यास ज्या भाषेत सोयीचे, त्यास त्या भाषेत भाव सांगता आला पाहिजे. हात लावू द्यावा, उलगडू द्यावा. घडी पुन्हा करणे हे सेवकाचे काम आहे, त्याचा पगार त्यासाठीच आहे.

पगार शब्द मुद्दाम उच्चारला. दुकानात दोन प्रकारचे लोक उभे राहतील. आपल्यापैकी खातेपिते असे काही जण पाळीपाळीने फुकट सेवा करतील. त्यांचे कल्याण असो. पण पाड्यावरच्या दोन मुली आपण कामास घेणार आहोत. त्यांस सरकारने ठरविलेले वेतन दर महिन्याच्या ठरल्या दिवशी मिळाले पाहिजे. गरिबाकडून बिनपैशाने काम घेण्यास ह्या तालुक्यांत एक जुने नाव आहे, आणि ते दयेचे नाव नव्हे. अमेरिकेत बॉस्टन शहरी एडगर हेल्म्स नावाच्या मेथॉडिस्ट पाळकाने १९०२ साली असेच काम आरंभिले. त्याने सुखवस्तू लोकांच्या घरून जुने सामान गोळा केले, बेकार माणसांकडून ते दुरुस्त करविले, विकले, आणि त्यातून त्यांस मजुरी दिली. गुडविल इंडस्ट्रीज ह्या नावाने ते काम पुढे फार वाढले. परपंथीय असला तरी त्याचे मर्म आपण घ्यावे: सामान दुरुस्त करता करता माणूस कारागीर होतो. आपल्या मुली वर्षभराने हिशेब लिहू शकल्या, यंत्रावर शिवू शकल्या, आणि डहाणूच्या कोणत्याही दुकानाने त्यांस आनंदाने नोकरी दिली, तर आपले दुकान चालले असे मी म्हणेन. त्या आपल्यास सोडून गेल्या म्हणून रडणारा चालक मला नको.

शिकवावे कसे? प्रभूने बहात्तर जणांस दोघेदोघे करून पाठविले, असे संत लूकने लिहिले आहे. ते परत आले तेव्हा काय घडले ते त्यांनी सांगितले आणि त्याने ऐकून घेतले. जोडीने पाठविणे आणि परतल्यावर ऐकणे, ह्या दोन गोष्टींत पुष्कळ आले. नवीन सेवकास जुन्याच्या शेजारी उभे करावे. प्रथम करून दाखवावे, मग त्याच्याकडून करवून घ्यावे, मग दुरून पाहावे. महायुद्धाच्या काळात, १९४० नंतर, अमेरिकेत कारखान्यांतील नवशिक्यांस झटपट तयार करण्यासाठी जी पद्धत बसविली, तीही अशीच होती. आणि तीत शिकणाऱ्यास आले नाही तर दोष शिकविणाऱ्याचा, असे गृहीत धरले होते. हे आपल्या पुष्कळ शिक्षकांस आवडणार नाही. चूक झाली तर गिऱ्हाइकासमोर बोलू नये. दुकान बंद झाल्यावर, एकट्यास, त्या एका चुकीपुरतेच बोलावे. रोज उघडण्यापूर्वी दहा मिनिटे सर्वांनी बसावे, प्रार्थना करावी, आणि काल कोणते गिऱ्हाईक काही न घेता गेले व का गेले, एवढे एकमेकांस सांगावे. काय विकले ते वही सांगते. का विकले गेले नाही ते माणसानेच सांगावे लागते.

आणि ह्या दहा मिनिटांत पाड्यावरच्या मुलींनी आधी बोलावे. आपल्याच तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९५७ पासून जे काम केले, त्याची कीर्ती सर्वत्र झाली. मुले बालवाडीत येत नाहीत असे पाहून त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा नेली. शिकविणाऱ्यांनी आधी पाड्यापासून शिकून घेतले. गिऱ्हाईक पायरीवरून परत का गेले, हे मला तीस वर्षांच्या अनुभवाने कळणार नाही. त्या मुलीस कळेल, कारण तिची आजी तशीच उभी राहत आली आहे.

पैशाविषयी दोन शब्द. पेटीस दोन किल्ल्या, दोन निराळ्या हातांत. संध्याकाळी दोघांनी मिळून मोजावे व दोघांनी सही करावी. हा अविश्वास नव्हे, प्रामाणिक माणसाचे रक्षण आहे. चांगला कपडा आला की तो सेवकाने किंवा समितीतील कोणाच्या पत्नीने आधीच बाजूस काढून ठेवू नये. एक बाजारदिवस तो फळीवर राहिला पाहिजे. मग घ्यावयाचा तर लिहिलेल्या भावाने, दुसऱ्याच्या हातून पावती करून. दाता दान करी आणि कोठावळ्याचे पोट दुखे, अशी म्हण आहे. आपल्या कोठावळ्याचे पोट दुखू नये, आणि त्याचे घरही भरू नये.

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या पडवीत गाठोडी स्वीकारली जातील. ती धुतलेली असावी. मी स्वतः खिसे तपासावयास बसणार आहे. ज्या भगिनींस टाके घालता येतात त्यांनी सुई व दोरा आणावा, बटणांचा डबा सिस्टरांकडे आहे. पहिल्या आठवड्याच्या पाळ्या त्याच सांगतील. आरसा आला आहे. तो अजून भिंतीस लावावयाचा आहे, आणि त्यासाठी दोन उंच तरुणांची गरज आहे.